चॅलेंजर आणि क्रूझर: एकाच रस्त्यावरच्या दोन कसोट्या

२०१३, २०१५ आणि २०१७ या तिन्ही वर्षी ऑस्ट्रेलियातील ‘वर्ल्ड सोलर चॅलेंज’ ही सौर मोटारींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा नेदरलँड्सने जिंकली, हे विधान बरोबर आहे; मात्र नेदरलँड्समधील कोणत्या संघाने जिंकली, असे विचारले तर दर वेळी दोन उत्तरे मिळतात. डेल्फ्ट आणि आइंडहोव्हन या दोन्ही गावांत तंत्रविद्यापीठे आहेत, दोन्ही संघ विद्यार्थ्यांचे आहेत, दोघांच्याही गाड्यांवर सौरघट बसवलेले असतात आणि दोघेही डार्विनहून ॲडलेडकडे त्याच महामार्गाने सुमारे ३,००० किलोमीटर जातात. डेल्फ्टने जिंकला तो चॅलेंजर वर्ग आणि आइंडहोव्हनने जिंकला तो क्रूझर वर्ग. बातमीत हा फरक बहुधा एका शब्दात उरकला जातो. प्रत्यक्षात ‘पर्यावरणस्नेही मोटार’ म्हणजे काय, या प्रश्नाला या दोन वर्गांनी अगदी वेगळी उत्तरे दिली आहेत, आणि ती उत्तरे वाचायची असतील तर गाड्यांपेक्षा गुण देण्याच्या पद्धतीकडे आधी पाहावे लागते.

चॅलेंजर हा मूळ प्रकार आहे. हान्स थोलस्ट्रप यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या पहिल्या स्पर्धेत जनरल मोटर्सची ‘सनरेसर’ ही गाडी ताशी सुमारे ६७ किलोमीटरच्या सरासरी वेगाने पहिली आली, आणि तेव्हापासून या प्रकारातील निकालाचे तत्त्व बदललेले नाही: जो आधी पोहोचला तो जिंकला. गाडीत एकटा चालक असतो, बॅटरी लहान असते आणि सुरुवातीचा साठा वगळता वाटेत लागणारी ऊर्जा सूर्यापासून मिळवावी लागते. सकाळी आठला निघायचे आणि संध्याकाळी पाचला जिथे पोहोचले असाल तिथे रस्त्याकडेला मुक्काम टाकायचा, असा दिनक्रम असतो. येथे परीक्षक म्हणून घड्याळ पुरेसे असते.

याचा अर्थ चॅलेंजर वर्गात माणसाच्या निर्णयाला जागाच नाही असा नव्हे; तो निर्णय शर्यतीच्या आधी, नियम लिहिताना घेतला जातो. २००५ मध्ये डेल्फ्टच्या ‘नुना ३’ने ताशी १०२ किलोमीटरहून अधिक सरासरी गाठली. सार्वजनिक रस्त्यावर विद्यार्थ्यांनी याहून वेगाने जाणे कोणालाच नको होते, म्हणून २००७ पासून सौरपट्ट्यांचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटरवर आणले गेले आणि २०१७ मध्ये सिलिकॉनच्या सौरघटांसाठी ते ४ चौरस मीटर झाले. २०१३ मध्ये चार चाके सक्तीची झाली, तेव्हा रचनाकारांनी चालकाला एका बाजूला सरकवून दोन होड्या शेजारी जोडाव्यात तसा आकार काढला. नियमाने एक दार बंद केले की रचना दुसऱ्या खिडकीतून आत येते, याचे हे चांगले उदाहरण आहे. मात्र एकदा गाडी सुटली की परीक्षकाला काही म्हणण्याचा वाव उरत नाही. २०१९ मध्ये डेल्फ्टची गाडी आघाडीवर असताना शेवटच्या दिवशी पेटली. चालक सुखरूप बाहेर पडला, पण विजय मागून येणाऱ्या बेल्जियमच्या संघाला मिळाला. इतका वेळ पुढे होतो याचे गुण घड्याळ देत नाही.

क्रूझर वर्ग २०१३ मध्ये सुरू झाला तो नेमक्या याच्या उलट प्रश्नातून: ही गाडी कोणी रोज वापरेल का? त्यामुळे येथे एकापेक्षा अधिक माणसे बसण्याची सोय असते, विजेच्या जोडणीवरून गाडी भारित करायला परवानगी असते, पण घेतलेले प्रत्येक युनिट मोजले जाते, आणि शेवटी परीक्षक गाडीची व्यवहारोपयोगिता तपासतात. दार उघडून आत बसणे-उतरणे सोपे आहे का, सामान कुठे ठेवायचे, मागचे नीट दिसते का, लांबच्या प्रवासात माणूस अवघडून जाईल का, अशा गोष्टी ते पाहतात. घर घेताना आपण नळ सोडून बघतो आणि खिडक्या उघडून पाहतो, त्याच जातीची ही पाहणी आहे. फरक इतकाच की येथे तिचे आकड्यात रूपांतर करावे लागते.

हा आकडा निकालात कसा मिसळायचा, यावर आयोजकांचे मत बदलत गेलेले दिसते. २०१३ मध्ये वेळेला सुमारे ५७ टक्के, बाहेरून घेतलेल्या विजेला आणि व्यवहारोपयोगितेला प्रत्येकी सुमारे १९ टक्के आणि प्रवाशांना जेमतेम ६ टक्के भार होता. २०१५ मध्ये वेळेचा भार ७० टक्क्यांवर गेला आणि व्यवहारोपयोगितेचा १५ वर आला. त्या वर्षी जपानच्या कोगाकुइन विद्यापीठाची गाडी क्रूझर वर्गात ॲडलेडला सर्वांत आधी पोहोचली, तरीही पहिला क्रमांक आइंडहोव्हनच्या चार आसनी ‘स्टेला लक्स’ला मिळाला. वेळेला ७० टक्के असूनही हे घडले, कारण वेळेत गमावलेले थोडे गुण उरलेल्या ३० टक्क्यांत भरून काढता आले. ज्याने केवळ शेवटच्या रेषेचे छायाचित्र पाहिले असेल त्याला हा निकाल अन्यायाचा वाटेल. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांचे निकाल ऐकलेल्या मराठी माणसाला मात्र टाळ्या एकीला आणि करंडक दुसरीला हा प्रकार नवा नाही.

२०१७ मध्ये भारांकांची बेरीजच काढून टाकण्यात आली. वेळेचे काम इतकेच राहिले की गाडी ठरलेल्या मुदतीत पोहोचली पाहिजे. गुण ठरले ते एका भागाकाराने आणि एका गुणाकाराने: एकूण प्रवासी-किलोमीटरला बाहेरून घेतलेल्या युनिटांनी भागायचे आणि येणाऱ्या संख्येला व्यवहारोपयोगितेच्या गुणांकाने गुणायचे. प्रवासी-किलोमीटर हे माप आपल्याकडे रेल्वे आणि एसटीच्या हिशेबात वापरले जाते. भरलेली बस आणि रिकामी बस सारखेच अंतर गेल्या तरी सारखेच काम करत नाहीत, एवढी साधी गोष्ट त्यात आहे, आणि मोटारींच्या चर्चेत तीच बहुतेक वेळा निसटते.

बेरीज आणि गुणाकार यांतला फरक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. पहिल्या गाडीने चार माणसे ३,००० किलोमीटर नेली आणि ६० युनिटे घेतली, तर भागाकार २०० येतो. दुसरीने दोन माणसे तेवढेच अंतर नेली आणि ३० युनिटे घेतली, तर तोही २०० येतो. आता परीक्षकांनी पहिलीला ०.९ आणि दुसरीला ०.६ दिले, तर गुण १८० आणि १२० होतात, म्हणजे दुसरी गाडी एक तृतीयांशाने मागे पडते. व्यवहारोपयोगितेला १५ टक्के भार देऊन बेरीज केली असती तर याच फरकाची किंमत शंभरांत साडेचार गुण झाली असती. गुणाकाराच्या पद्धतीत बसायला अशक्य असलेली गाडी कितीही काटकसरी असली तरी वाचत नाही. क्रूझर वर्गाच्या हेतूला हीच पद्धत अधिक शोभते, असे माझे मत आहे. मात्र तिच्यात परीक्षकांच्या हाती फार मोठा अधिकार येतो, हेही मान्य केले पाहिजे. मोजपट्टीने मोजलेले अंतर आणि मीटरवर वाचलेली वीज यांवर वाद होत नाही, ०.६ आणि ०.७ यांतील फरक मात्र समोरच्या माणसाच्या नजरेवर अवलंबून असतो आणि त्याच फरकाने क्रमांक बदलू शकतो.

दोन्ही वर्गांना समान असलेली एक पायरी वरील कोणत्याही परीक्षणाशी गल्लत करण्याजोगी नाही. सुटण्यापूर्वी डार्विनमध्ये प्रत्येक गाडीची तांत्रिक तपासणी होते. ब्रेक पाहिले जातात, मापे घेतली जातात, चालकाला ठरावीक सेकंदांत स्वतःहून बाहेर पडून दाखवावे लागते. पुण्यातील एआरएआय वाहनांना प्रमाणपत्र देते त्या धर्तीची ही गोष्ट आहे: उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, अधिक चांगल्या ब्रेकला अधिक गुण नाहीत.

क्रूझर वर्ग व्यवहाराच्या जवळ म्हणून चॅलेंजर वर्ग निव्वळ हौस, असा निष्कर्ष मात्र इतिहासाशी जुळत नाही. ‘सनरेसर’च्या जडणघडणीत सहभागी असलेल्या एअरोव्हायरनमेंट या कंपनीनेच पुढे जनरल मोटर्ससाठी ‘इम्पॅक्ट’ ही विजेची गाडी १९९० मध्ये घडवली आणि तिच्यातून १९९६ ची ‘ईव्ही १’ आली. एकट्या चालकाच्या, कोणी विकत घेणार नाही अशा गाडीतून कुटुंबांनी चालवलेली मोटार निघाली. उलट बाजूस, २०१३ ते २०१९ अशा सलग चार स्पर्धांत क्रूझर वर्ग जिंकणाऱ्या आइंडहोव्हनच्या परंपरेतील माजी विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये ‘लाइटइयर’ ही कंपनी काढली. तिची पहिली मोटार सुमारे अडीच लाख युरोंना विक्रीस आली. २०१७ च्या सूत्रात प्रवासी, वीज आणि व्यवहारोपयोगिता होती. किंमत ही स्वतंत्र राशी त्यात नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये, उत्पादन सुरू होऊन काही आठवडे होतात न होतात तोच, ते थांबवण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये क्रूझर वर्गाचा विजेता सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचा ‘सनस्विफ्ट’ संघ ठरला.