नेकेड पेअर की हिडन पेअर: खोडायचं कोणत्या घरात?

सुडोकूतले सरळ दिसणारे आकडे भरून झाले की पुढे पेन्सिल अडते. कूलरसमोर पेपर घेऊन बसलेले असोत की खापरीहून सीताबर्डीला जाताना मेट्रोत मोबाइलवर सोडवणारे असोत, इथे बरेच जण नेकेड पेअर (उघडी जोडी) आणि हिडन पेअर (लपलेली जोडी) या दोन जोड्यांची गल्लत करतात. ‘काहून जी, दोन्हीत दोन आकडे न् दोनच घरं, मंग फरक काय?’ अंबाझरीला फिरायला येणाऱ्या एका काकांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. रिकाम्या घरात जे आकडे बसू शकतात ते आपण बारीक लिहून ठेवतो आणि जे शक्य नाहीत ते खोडतो; फरक आहे तो या खोडण्याच्या जागेत.

नेकेड पेअर घरांकडे बघून सापडते. समजा, एका ओळीत पाच घरं रिकामी आहेत आणि 2, 3, 4, 5, 7 भरायचे आहेत. त्यातल्या दोन घरांत फक्त 3 आणि 7 चालतात. मग 3 आणि 7 त्या दोघांतच जाणार; कोणता कुठे, ते नंतर कळेल. म्हणून उरलेल्या तीन घरांतून 3 आणि 7 खोडा. त्यातल्या एकात 3, 4, 7 लिहिलेलं असेल, तर तिथे 4 पक्का झाला.

हिडन पेअरसाठी आकड्यांच्या मागे जावं लागतं. एका 3×3 चौकटीत सहा घरं रिकामी आहेत आणि 1, 2, 4, 5, 8, 9 बाकी आहेत. एका घरात 1, 4, 5, 9 शक्य आहेत, दुसऱ्यात 2, 4, 8, 9. वरवर दोन्ही घरं गर्दीची. पण चौकटीतल्या बाकीच्या चार घरांत 4 नाही आणि 9 पण नाही. म्हणजे या दोन घरांत 4 आणि 9 सोडून काहीच बसू शकत नाही. इथे खोडायचं ते याच दोन घरांतून: पहिल्यातले 1, 5 आणि दुसऱ्यातले 2, 8. मात्र 4 किंवा 9 तिसऱ्या एखाद्या घरात शक्य असेल, तर ही जोडीच नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

मला यातली सुंदर गोष्ट वाटते ती अशी, की या दोन्ही एकाच मांडणीच्या दोन बाजू आहेत. वरच्या चौकटीतली उरलेली चार घरं बघा: त्यांत फक्त 1, 2, 5, 8 आहेत, म्हणजे तो चौघांचा नेकेड गट झाला. त्याचं निमित्त करून खोडलं तरी तेच आकडे जातात. मग शोधायचं काय? जी बाजू लहान, ती. ओळीत चार-पाच घरं रिकामी असतील तर नेकेड पेअर बघा. आठ रिकामी असतील तर हिडन पेअर, कारण तिची दुसरी बाजू सहा घरांची असते आणि ती नजरेत मावत नाही.

पेपरात बारीक आकडे लिहायला जागा नसते, तिथे हिडन पेअर जास्त कामाची, कारण दोन आकडे कुठे-कुठे बसतात एवढंच तपासायचं असतं. अ‍ॅपमध्ये सगळे शक्य आकडे आपोआप भरून घेतले, तर नेकेड पेअर चटकन दिसते आणि हिडन पेअर त्या गर्दीत बुडते.

आणि खोडून झाल्यावर 4, 9 ची ती दोन घरं एकाच आडव्या किंवा उभ्या ओळीत आहेत का, तेही बघा. असतील तर आता ती त्या ओळीसाठी नेकेड पेअर आहे, आणि ओळीतल्या इतर घरांतूनही 4 आणि 9 खोडता येतात.