खाल्लेलं अंगी लागतं कसं?

रविवारी सकाळी नऊनंतर नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला मिसळ खायला गेलात, तर नाव सांगून बाहेर ताटकळावं लागतं. एकदाचं टेबल मिळतं. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, कांदा आणि लिंबाची फोड येते. शेवटचा पाव अजून तोंडात असतो, तोच कुणीतरी ओरडतं, "चार कटिंग सांग रे." या सगळ्या सोहळ्यात लिंबाची फोड फार गुणाची. चहा मात्र चुकीच्या वेळी येतो.

लहानपणी माझ्या काडीसारख्या हातांकडे बघत आजी म्हणायची, "खातो चांगला, पण अंगी लागत नाही मेलं." पोषणशास्त्राची पुस्तकं याला शोषण म्हणतात. मला आजीचा शब्द जास्त नेमका वाटतो. आपण किती मिलिग्रॅम आत गेलं ते मोजतो, डब्यावरचे आकडे वाचतो, गोळ्या विकत आणतो. त्यातलं आतड्याची भिंत ओलांडून रक्तात किती गेलं, हा हिशोब वेगळाच असतो.

लोहाचंच बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला कारणं अनेक आहेत, पण एक थेट ताटात आहे. शाकाहारी जेवणातल्या लोहापैकी जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास रक्तात पोचतं, कधी त्याहूनही कमी. वनस्पतींमधलं लोह बहुतेक 'फेरिक' रूपात असतं. जठरातल्या आम्लात ते विरघळतं, पण पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला आम्लता उतरली की साका होऊन बसतं. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याचं 'फेरस' रूप करतं आणि विरघळलेलं ठेवतं. आतड्याच्या पेशींना तेच रूप उचलता येतं. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं उलटं करतात. लोहाला अशी मिठी मारतात की ते शोषलंच जात नाही. जेवणाबरोबर घेतलेला कोरा चहा शोषण निम्म्याहूनही कमी करू शकतो. तासाभराने घेतला, तर नुकसान बरंच कमी होतं. तेव्हा मिसळीनंतरचं कटिंग सोडायचं नाही, गप्पा लांबवायच्या. नाशिककरांना हे जड जाऊ नये.

मटकीला मोड आणण्याची रीतही बिनकामाची नाही. कडधान्यात फायटेट असतं, म्हणजे बियाण्याने पुढच्या रोपासाठी राखलेला फॉस्फरसचा साठा. तेही लोह आणि जस्त धरून ठेवतं. मोड येताना बी स्वतःच फायटेज हे विकर (एन्झाइम) तयार करून तो साठा फोडू लागतं आणि अडकलेलं लोह थोडं मोकळं होतं. आंबवण्यानेही हेच साधतं.

आमच्या शेजारच्या काकूंकडे गोळ्यांची एक स्टीलची डबी आहे. लोह, कॅल्शियम, बी-१२ सगळं सकाळी आठला, चहाच्या घोटाबरोबर, एका दमात. म्हटलं, "काकू, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र नका घेत जाऊ."

"अरे, पण दोन्ही डॉक्टरांनीच दिल्यात ना?"

दिल्यात, पण कॅल्शियम लोहाच्या वाटेत येतं आणि वर चहा आहेच. एक सकाळी आणि एक रात्री जेवताना घेतली, तर त्याच पैशांत जास्त पदरात पडतं.

लोहाची आणखी एक गंमत आहे. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे जवळजवळ नाहीच, म्हणून सगळा बंदोबस्त दारातच. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्यातून लोह रक्तात जाण्याचा दरवाजा लोटून घेतं. मोठी गोळी घेतली की हेप्सिडिन वाढतं आणि साधारण दिवसभर वाढलेलं राहतं. दुसऱ्या दिवशीच्या गोळीला दार अर्धवट बंद मिळतं. झुरिकच्या संशोधकांनी लोहाचा साठा कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर अभ्यास केले. त्यांना एकाआड एक दिवस गोळी दिली, तेव्हा दर गोळीमागे जास्त लोह अंगी लागलं. आता अनेक डॉक्टर तशी गोळी देतात. गरोदर बाईने मात्र हे वाचून परस्पर वेळापत्रक बदलू नये.

बी-१२ची तऱ्हा याहून न्यारी. हे जीवनसत्त्व फक्त जिवाणू बनवतात. पालेभाजीत ते नसतं. स्पिरुलिनाच्या गोळ्या 'शाकाहारी बी-१२' म्हणून विकल्या जातात, पण त्यातलं बहुतेक आपल्या शरीराच्या उपयोगाचंच नसतं. शाकाहारी माणसाचा भरवसा दूध-दह्यावर. जठर एक खास प्रथिन तयार करतं, ते बी-१२चा हात धरून लहान आतड्याच्या पार शेवटापर्यंत घेऊन जातं. पण अशा वाटाड्यांची संख्या मोजकी. एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या वर त्यांना झेपत नाही. बाकीच्यातलं जेमतेम एक टक्का आपसूक झिरपतं. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असताना गोळी १५०० मायक्रोग्रॅमची का, याचं उत्तर इथे मिळतं. म्हणून एकदम लिटरभर दूध रिचवण्यापेक्षा सकाळी एक पेला आणि रात्री एक पेला बरा.

यातच मिसळीचा दुसरा अंक आहे. झणझणीत खाऊन जळजळ झाली की उपाशीपोटी पित्ताची गोळी, आणि मग ती गोळी वर्षानुवर्षं. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं आणि पॅन्टोप्राझोलसारखं औषध तेच आम्ल दाबतं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिनही बी-१२ कमी करतं. दोन्ही औषधं बरीच वर्षं चालू असतील आणि पायाला मुंग्या येत असतील, तर वयावर ढकलून गप्प बसू नका, बी-१२ तपासायला सांगा.

साखरेच्या बाबतीत अंगी लागणं म्हणजे रक्तात साचून न राहता स्नायूत जाणं. आकुंचन पावणारा स्नायू ग्लुकोजची दारं पेशीच्या पृष्ठभागावर आणतो, इन्सुलिनची वाट न बघता. म्हणून जेवणानंतरची शतपावली खरी. फक्त शंभर पावलं फारच कमी झाली, दहा-पंधरा मिनिटं तरी चाला.

आता नागली. बाकी महाराष्ट्र नाचणी म्हणतो, पण सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे ही नागलीच. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच दुधात साधारण १२०. पण नुसत्या नागलीने हाडं भरत नाहीत. ड जीवनसत्त्व कमी असेल, तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी १०-१५ टक्केच शोषलं जातं. पुरेसं असेल, तर ३० टक्क्यांच्या वर.

ड मिळतं उन्हातून, पण कुठल्या उन्हातून? त्वचेत ते बनवणारे अतिनील-बी किरण सूर्य खाली असताना हवेच्या जाड थरातच अडतात. सोपी खूण अशी, की सावली आपल्या उंचीहून आखूड झाली की काम सुरू झालं. शेजारचे काका पहाटे सहाला जॉगिंग ट्रॅकवर असतात, थंडीत तर कानटोपी आणि पूर्ण बाह्यांचा स्वेटर. हृदयासाठी उत्तम, ड जीवनसत्त्वासाठी शून्य. ते भरून काढायला काका आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी घेतात, पण ती ठरावीक आठवड्यांचीच असते. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, म्हणून पुडी दुधातून किंवा जेवणाबरोबर घ्यावी. आणि तपासणीशिवाय महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

काकूंनी कधी ट्रॅक पाहिलेला नाही. मार्च-एप्रिलमध्ये अकराच्या सुमाराला त्या गच्चीवर जुनं पातळ अंथरून नागलीचे पापड वाळत घालतात, कोपरापर्यंत हात उघडे, अर्ध्या तासाने पापड उलटायला पुन्हा वर. काका खालून विचारतात, "अगं, एवढ्या उन्हात कशाला मरतेस?"