टर्बो सीची मयसभा

निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं, वर करड्या रंगाची मेन्यूची पट्टी. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, बीसीएस किंवा एमसीए केलेल्यांना एवढं वर्णन पुरतं. सी आणि सी प्लस प्लस या भाषांत प्रोग्राम लिहायचं आणि चालवून बघायचं हे सॉफ्टवेअर: टर्बो सी प्लस प्लस, बोलताना नुसतं टर्बो सी. त्याची ३.० आवृत्ती बोरलँड कंपनीने काढली १९९१ साली. आज ज्यांच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ती येते, त्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

माझ्या भाचीने पहिल्या वर्षाला विंडोज ११ चा कोरा लॅपटॉप घेतला, सिनिअरकडून पेनड्राइव्हवर टर्बो सीचं फोल्डर आणलं आणि डबल क्लिक केलं. हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार नाही, असं उत्तर आलं. "मामा, एवढा महागाचा लॅपटॉप, आणि त्याला एवढंसं फोल्डर झेपत नाही?"

लॅपटॉपला ते सहज झेपलं असतं. अडचण होती ती टर्बो सी काय काय गृहीत धरतं याची. ते १६ बिटांच्या जगात, डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वाढलेलं. १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरला जेमतेम १ एमबी मेमरी दिसायची आणि अख्खा कॉम्प्युटर एका वेळी एकाच प्रोग्रामच्या ताब्यात असायचा. स्क्रीनवर अक्षर उमटवायचं तर डॉसचे बरेच प्रोग्राम कुणाला विचारत नसत. मेमरीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर दोन बाइट थेट लिहायचे, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. ८० अक्षरांच्या २५ ओळी म्हणजे ४,००० बाइटांत पूर्ण पडदा. आजच्या विंडोजमध्ये कुठल्याही प्रोग्रामला असं परस्पर घरात शिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

मधली बरीच वर्षं प्रोसेसरनेच हे सांभाळून घेतलं. १९८५ च्या ३८६ प्रोसेसरमध्ये ८०८६ चं सोंग घेण्याची एक खास सोय होती, तिच्या जोरावर विंडोज डॉसचे प्रोग्राम चालवत असे. विंडोज ७ वर 'ही सिस्टिम फुलस्क्रीन मोडला सपोर्ट करत नाही' हा निरोप अनेकांनी पाहिला असेल. ती उतरती कळा होती. २००३ पासून ६४ बिटांचे प्रोसेसर आले आणि ते ६४ बिटांच्या पद्धतीत चालू असताना हे सोंग घेता येत नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचंच आहे.

मग उपाय काय? डॉसबॉक्स. २००२ पासून उपलब्ध असलेला हा फुकट प्रोग्राम जुना प्रोसेसर, जुनी मेमरी, जुनं व्हिडिओ कार्ड, साउंड कार्ड हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. टर्बो सी त्या ठरलेल्या पत्त्यावर दोन बाइट लिहितं, डॉसबॉक्स ते उचलून आजच्या खिडकीत रंगवतो. मयसभाच ही. दुर्योधन तिथे फसला आणि फजीत झाला. टर्बो सी इथे फसतं आणि सुखाने कामाला लागतं. 'विंडोज १० साठी टर्बो सी' म्हणून जे पॅकेज पोरं उतरवून घेतात, त्याच्या पोटात बहुतेकदा डॉसबॉक्सच असतो.

गंमत म्हणजे या मयसभेत वेगही मुद्दाम कमी ठेवावा लागतो. साध्या डॉस प्रोग्रामसाठी डॉसबॉक्सचं मूळ सेटिंग दर मिलिसेकंदाला सुमारे ३,००० सूचना एवढंच आहे. वेग जास्त झाला तर काय होतं, याचं टर्बो पास्कल या बोरलँडच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं उदाहरण मला फार आवडतं. त्यात लिहिलेले अनेक प्रोग्राम सुरू होतानाच कॉम्प्युटरचा वेग मोजायचे: घड्याळाच्या ५५ मिलिसेकंदांच्या एका ठोक्यात किती फेऱ्या झाल्या ते मोजायचं आणि ५५ ने भागायचं. उत्तर ठेवायला जागा १६ बिटांची, म्हणजे ६५,५३५ पर्यंतची. साधारण २०० मेगाहर्ट्झचे पेंटियम आले आणि उत्तर त्या जागेत मावेना. भागाकार फसला की प्रोसेसर एकच तक्रार करतो, त्यामुळे पडद्यावर यायचं 'शून्याने भागाकार', एरर २००. गणितात शून्य कुठेच नव्हतं. मशीन फार चांगलं होतं, एवढाच गुन्हा!

नवं जग उभारण्याऐवजी कधी ऑपरेटिंग सिस्टिम सरळ थाप मारते. विंडोज ३.१ च्या काळातले काही प्रोग्राम आवृत्ती तपासताना दोन आकडे वेगवेगळे बघायचे: पहिला ३ पेक्षा कमी नको, दुसरा १० पेक्षा कमी नको. विंडोज ९५ ची खरी आवृत्ती ४.०. त्यातलं शून्य १० पेक्षा कमी, म्हणून 'विंडोज फार जुनं आहे' असा उलटा निकाल लागला असता. तेव्हा मायक्रोसॉफ्टने जुन्या प्रोग्रामांना उत्तर द्यायचं ठरवलं: ३.९५. सिमसिटी हा खेळ तर परत केलेली मेमरी पुन्हा वाचायचा. विंडोज ९५ ने तो खेळ ओळखून त्याच्यापुरती मेमरी लगेच मोकळी न करण्याची मुभा दिली. चूक दुसऱ्याची, पण ग्राहक शिव्या देणार नव्या विंडोजला, हा त्यामागचा हिशेब.

जुने खेळ, दुकानाचे जुने हिशेब यांसाठी एवढी खटपट मला पटते. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मात्र नाही. डॉसबॉक्स टर्बो सीला जगवतो, पण त्याला नवं काही शिकवत नाही. सी प्लस प्लसचं प्रमाणीकरण झालं १९९८ साली, त्याआधीचीच भाषा तो कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा) बोलतो. त्यात 'इंट', म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, दोनच बाइटांचा, ३२,७६७ च्या पुढे गेला की उणे होतो.

भाचीने फॅक्टोरियलचं, म्हणजे १ पासून दिलेल्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचं, प्रॅक्टिकल चालवलं. ७ पर्यंत ठीक. ८ दिल्यावर आलं उणे २५,२१६. तिने तोच हिशेब मोबाइलवरच्या कंपायलरवर केला, तिथे ४०,३२०. माझ्याकडे पाहून म्हणाली, "जर्नलमध्ये कुठलं लिहू?" मग स्वतःच पान उलटलं आणि दरवर्षी सगळेच लिहितात ते लिहिलं: इनपुट ५, आउटपुट १२०.