दुर्बिणीतून हर्निया: जाळीची जागा आणि २००४चा वाद

जांघेतल्या हर्नियाच्या लॅप्रोस्कोपीचा, म्हणजे छोट्या छेदांतून दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेचा, इतिहास दुर्बिणीपासून सांगायची सवय पडली आहे, पण मूळ कल्पना त्याआधीची. स्नायूंच्या मागे, पेरिटोनियमच्या (पोटाच्या पोकळीच्या आतल्या पातळ पडद्याच्या) पुढे मोठी जाळी पसरली की पोटातला दाबच ती भिंतीशी घट्ट धरून ठेवतो, हे फ्रान्समधल्या सर्जनांनी मोठा छेद घेऊन कधीच दाखवून दिले होते. दुर्बिणीने त्या जागेपर्यंत पोचायला लहान वाट दिली, एवढेच.

ही वाट सापडायलाही वेळ गेला. १९९०च्या सुमारास, पित्ताशयाच्या लॅप्रोस्कोपीच्या यशानंतर, जाळीची गुंडाळी करून हर्नियाच्या भोकात कोंबण्याचे प्रयोग झाले. हर्निया परत यायला लागले. मग जाळी पेरिटोनियमच्या आतल्या बाजूला बसवून पाहिली, तर तिथे आतडी चिकटण्याची भीती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आजच्या दोन पद्धती ठरल्या: टॅप (TAPP) आणि टेप (TEP). टॅपमध्ये पोटात शिरून पेरिटोनियम कापतात, जाळी पसरतात आणि पडदा पुन्हा शिवतात. टेपमध्ये पोटात शिरायचेच नसते. बेंबीखालच्या छोट्या छेदातून स्नायूमागे फुगा किंवा दुर्बीण सारत जागा मोकळी करतात. समोर पोटाच्या भिंतीतल्या इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिन्या उभ्या दिसतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूने उतरलेला तो इनडायरेक्ट हर्निया, आतल्या बाजूने फुगलेला तो डायरेक्ट. साधारण १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी दोन्ही जागा आणि खालची फीमोरल वाट (मांडीत उतरणाऱ्या रक्तवाहिन्यांजवळची, जिथून फीमोरल हर्निया येतो) एकदम झाकते. बाहेरच्या बाजूला टॅकर (जाळी पक्की करायला बारीक खिळे, म्हणजे टॅक, ठोकणारे साधन) मारायचा नाही, कारण तिथून नसा जातात. चुकीच्या जागी बसलेला एक टॅक रुग्णाला वर्षानुवर्षे दुखू शकतो.

टेपला लॅप्रोस्कोपी म्हणावे का, हाही प्रश्नच आहे, कारण त्यात पोटाच्या पोकळीत कोणी जातच नाही. म्हणून अलीकडे 'लॅप्रो-एंडोस्कोपिक' असा जोडशब्द वापरतात.

खरा वाद २००४चा. ब्रिटनमधल्या एका सरकारी मूल्यमापन संस्थेने २००१मध्ये सांगितले होते की पहिल्यांदाच झालेल्या एका बाजूच्या हर्नियाला उघडी शस्त्रक्रिया बरी. परत आलेल्या किंवा दोन्ही बाजूंच्या हर्नियासाठी दुर्बिणीचा विचार करावा. एप्रिल २००४मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या १४ रुग्णालयांत दुर्बिणीच्या आणि उघड्या शस्त्रक्रियेची तुलना करणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. दोन वर्षांत हर्निया परत येण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के, उघड्या गटात ४.९ टक्के. दुर्बिणीविरुद्ध हा आकडा लगेच उचलला गेला. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटिश संस्थेने आपला जुना सल्ला बदलून लॅप्रोस्कोपीला एक पर्याय म्हणून मान्यता दिली.

माझ्या मते अमेरिकन चाचणीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग या गदारोळात मागे पडला. सहभागी सर्जनांना दुर्बिणीतून किमान २५ शस्त्रक्रियांचा अनुभव असला तरी चालत होता. २५०हून जास्त शस्त्रक्रिया केलेल्यांच्या हातून मात्र हर्निया परत येण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली होते. बाकीच्यांचे १० टक्क्यांच्या वर. शिवाय आधी एकदा शस्त्रक्रिया होऊन पुन्हा आलेल्या हर्नियात दोन्ही गटांत ठळक फरक दिसलाच नाही. म्हणजे चाचणीत पद्धतीइतकाच सर्जनचा हात मोजला गेला, आणि वाचणाऱ्यांनी दोष पद्धतीला दिला. हे मला अन्यायाचे वाटते. अर्थात दुर्बिणीला पूर्ण भूल सहसा लागते, उघडी शस्त्रक्रिया लोकल भुलीतही होते, हा मुद्दा तेव्हाही खरा होता आणि आजही आहे.

२०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी शेवटी अनुभवालाच मध्यभागी आणले: अनुभवी हात आणि साधने असतील तर पुरुषांच्या एका बाजूच्या पहिल्या हर्नियासाठी दुर्बिणीला पसंती, कारण सुरुवातीची आणि दीर्घकाळची वेदना कमी. समोरून (उघडी) शस्त्रक्रिया होऊन परत आलेल्या हर्नियाला स्नायूंमागची, दुर्बिणीची वाट घ्यावी, म्हणजे आधीच्या टाक्यांच्या गुंत्यात पुन्हा शिरावे लागत नाही. स्त्रियांसाठी दुर्बिणीचा सल्ला आणखी स्पष्ट आहे: त्यांच्यात फीमोरल हर्निया समोरून नजरेतून सुटू शकतो, मागून तो समोरच दिसतो.