मूत्रनिर्मिती

रक्त गाळून, त्यातले कामाचे बहुतेक सारे परत घेऊन, उरलेले पाणी व टाकाऊ द्रव्ये वेगळी काढण्याचे मूत्रपिंडांचे कार्य. मूत्रपिंडाला आयुर्वेदात वृक्क म्हणतात. बोलण्यात मात्र ‘किडनी’च.

कमरेच्या जरा वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. एकेकाचे वजन जेमतेम १५० ग्रॅम, तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर, त्यांच्याकडे जातो. प्रत्येकात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळणनलिका असतात. नलिकेच्या तोंडाशी पेल्यासारखे बोमन संपुट आणि त्यात केशवाहिन्यांचा गुच्छ. गुच्छात रक्त आणणारी वाहिनी रुंद, बाहेर नेणारी अरुंद. त्यामुळे आत दाब चढा राहतो आणि पाणी, क्षार, ग्लुकोज, यूरिया गाळून संपुटात उतरतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मागे राहतात. लघवीच्या रिपोर्टात ‘अल्ब्युमिन’ हे रक्तातले प्रथिन वारंवार दिसू लागले की डॉक्टर मूत्रपिंडांकडे वळतात ते यामुळेच.

असा गाळलेला द्रव दिवसाला सुमारे १८० लिटर भरतो. पाणीकपातीच्या दिवसांत पुण्यातल्या घरांत भरून ठेवतात ते मोठे निळे पिंप जवळजवळ भरेल इतका! प्रत्यक्षात लघवी होते एक-दीड लिटर. बाकीचे नलिकांमधून पुन्हा रक्तात जाते, आणि खरे कसब या परत घेण्यातच आहे. दिवाळीआधी माळा आवरताना नको ते शोधत बसण्यापेक्षा सगळेच खाली काढावे आणि हवे तेवढे वर ठेवावे, तशी ही रीत. कोणती द्रव्ये टाकाऊ, हे आधी ठाऊक असावे लागत नाही. काही औषधे व आम्ल मात्र नलिकेच्या पेशी मुद्दाम आत सोडतात.

ग्लुकोज एरवी सगळेच परत घेतले जाते. रक्तातली साखर १०० मिलिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ते काम पेशींना झेपत नाही, साखर लघवीत उतरते आणि सोबत पाणीही ओढून नेते. मधुमेहात वारंवार लघवीला होते ते यामुळे.

पुढे हेन्लेचा पाश, म्हणजे नलिकेचा खाली जाऊन वर वळणारा भाग, मूत्रपिंडाचा आतला भाग खारट करून ठेवतो. मे महिन्यात सिंहगड चढून घाम गळाला, की पियुषिका ग्रंथीतून एडीएच हे संप्रेरक वाढते. त्यामुळे संग्राहक नलिकांच्या, म्हणजे अनेक नेफ्रॉनांतला द्रव गोळा करणाऱ्या शेवटच्या नलिकांच्या, भिंती पाण्याला वाट देतात आणि पाणी त्या खारट भागाकडे ओढले जाते. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. गडावर दोन-तीन ग्लास ताक पोटात गेले, की थोड्या वेळाने एडीएच उतरते आणि रंग फिका पडतो. डिसेंबरच्या पहाटे त्वचेच्या रक्तवाहिन्या आखडतात, घामही नसतो, म्हणून फेऱ्या वाढतात. एरवी त्याचे सगळे खापर अमृततुल्यच्या चहावर फुटते.

संग्राहक नलिकेतून बाहेर पडलेल्या मूत्राची घडण पुढे फारशी बदलत नाही. मूत्रवाहिन्या ते लाटांसारख्या आकुंचनांनी मूत्राशयात ढकलतात.