दहावीच्या इंग्रजीचे 20 तोंडी गुण : पार्श्वभूमी

राज्य मंडळाचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के लागला, 2019 मध्ये 77.10 वर घसरला आणि 2020 मध्ये थेट 95.30 वर गेला. मुलं दोन वर्षांत इतकी ढ आणि लगेच इतकी हुशार होत नसतात. 2019 ला नवा अभ्यासक्रम होता हे खरं, पण त्याच वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले 20 गुण काढून लेखी परीक्षा पूर्ण 100 गुणांची केली होती. ओरड झाली, सीबीएसई-आयसीएसईच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात आणि अकरावी प्रवेशात आपली मुलं मागे पडतात हा मुद्दा पुढे आला, आणि ऑगस्ट 2019 मध्ये 80-20 ची पद्धत परत आली. भांडण टक्क्यांवरून झालं. इंग्रजी बोलता येतं का, हा प्रश्न त्यात जवळपास कुणी विचारलाच नाही.

तो कधीच फारसा विचारला गेला नव्हता. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 ची. रानडे आणि भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. पुढची जवळजवळ 90 वर्षं शाळेने काय शिकवायचं हे या विद्यापीठाच्या लेखी परीक्षेने ठरवलं. भाषांतर, व्याकरण, निबंध यांना तिथे भाव होता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या घडल्या त्या याच कारणाने. त्या पिढ्यांचं लेखी इंग्रजी आजही हेवा वाटावा असं असे, पण त्यातल्या कितीतरी जणांची साहेबासमोर दातखीळ बसायची.

1949 पासून एसएससी आली. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढलं होतं, ते आठवीपासून सुरू होई. म्हणजे तेव्हा अकरावीला होणाऱ्या शालान्त परीक्षेपर्यंत हातात चारच वर्षं. महाराष्ट्र झाल्यावर इंग्रजी पुन्हा पाचवीत आलं. त्या काळात रचनापद्धतीचा बोलबाला होता: वाक्यरचना सोप्याकडून अवघडाकडे लावायच्या, शिक्षकाने वस्तू दाखवत वाक्य म्हणायचं, वर्गाने एका सुरात परत म्हणायचं. तोंडाला काम मिळालं, पण कशाला काय उत्तर द्यायचं हे मुलाला ठरवावं लागत नव्हतं. आणि मार्चमध्ये पेपर लेखीच. 1966 ला राज्य मंडळ स्थापन झालं, 1975 ला अकरावीऐवजी दहावीची एसएससी झाली, तरी यात फरक पडला नाही.

मोठा बदल जून 2000 चा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि सुरुवात ऐकण्या-बोलण्यातून व्हावी असं ठरलं. ती पहिली तुकडी 2010 मध्ये दहावीला बसली. त्याच वर्षी आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं: पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर वर्गात होणारं) 70 आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचं) 30, आणि चढत चढत सातवी-आठवीला 40 आणि 60. आठवीपर्यंत बोलण्याला थोडंफार मोल, नववीत पाऊल टाकलं की सगळं लक्ष पुन्हा लेखीवर.

आजची तृतीय भाषेची, म्हणजे मराठी शाळांतल्या इंग्रजीची, 80 गुणांची कृतिपत्रिका पूर्वीच्या प्रश्नपत्रिकेपेक्षा नक्कीच शहाणी आहे. पाठातले दोन उतारे 20 गुणांना, न पाहिलेला उतारा 10 आणि त्याचा सारांश 5, आकृतीवरून परिच्छेद किंवा परिच्छेदावरून तक्ता 5. सारांशात ठरलेली चूक म्हणजे मूळ उताऱ्यातलीच तीन-चार वाक्यं उचलून शीर्षक ठोकणं. कवितेच्या रसग्रहणाचे 5 गुण तर मुद्द्यांत वाटलेले: शीर्षक अर्धा, कवी अर्धा, यमकरचना 1, अलंकार 1, आशय 2. साहजिकच क्लासवाले प्रत्येक कवितेचा साचा पाठ करून घेतात, आणि कविता न वाचताही 4 गुण पडतात. शेवटचा 5 गुणांचा प्रश्न भाषांतराचा. पाठमाला गेली, प्रश्न राहिला!

संवादालाही 5 गुण आहेत: उलटसुलट वाक्यं जुळवा 1, अपुरा संवाद पुरा करा 1, किमान तीन देवाणघेवाणींचा संवाद लिहा 3. बोलणंसुद्धा इथे लिहूनच दाखवायचं.

उरतात ते 20 तोंडी गुण, आणि ते आपल्याच मुलांना आपलेच शिक्षक देतात. तोंडी आणि लेखी मिळून 35 ला पास, म्हणजे तोंडीत 18 दिले की लेखीत 80 पैकी 17 पुरतात. त्यामुळे बहुतेकांचा आकडा 16 ते 19 मध्येच फिरतो. सुरेख बोलणारी मुलगी आणि तोंडच न उघडणारा मुलगा यांच्यात दोन गुणांचंही अंतर उरत नाही. शिक्षकांनाच दोष देऊन भागत नाही. 60 च्या वर्गात प्रत्येकाला तीन मिनिटं म्हटली तरी सलग तीन तास, म्हणजे पाच-सहा तासिका, आणि तेवढा वेळ उरलेला वर्ग कुणी सांभाळायचा? मग पाठ केलेली स्वतःची ओळख ऐकून काम उरकतं.

जोडीजोडीने घेतलं तर वेळ निम्मा लागतो आणि पाठांतर उघडं पडतं, कारण समोरचा काय विचारेल ते आधी माहीत नसतं. श्रवणचाचणीला, म्हणजे ऐकून उत्तरं देण्याच्या भागाला, तर सगळा वर्ग एकदम बसवता येतो: शंभर-सव्वाशे शब्दांचा उतारा, प्रश्न आधी वाचायला द्यायचे, मग उतारा दोनदा ऐकवायचा. मात्र तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा. शिक्षकाने स्वतः वाचला की उत्तराच्या शब्दावर आवाज चढतो, आणि ‘थर्टीन’ की ‘थर्टी’ हे ओळखायच्या जागीच मुलाला उत्तर मिळून जातं.