हौशी रेसिंगचा खर्च: स्टिकर, भिशी आणि सीएसआरचा घोळ

१९६८ ला फॉर्म्युला वनच्या गाडीवर सिगारेटचा ब्रँड आला, पुढे आपल्याकडेही सिगारेटच्या नावाने रॅल्या झाल्या आणि मे २००४ पासून तंबाखूच्या जाहिरातींवर कायद्यानेच बंदी आली. पण ठाणे-नवी मुंबईच्या रेसिंग करणाऱ्या हौशी पोरांपर्यंत तो स्पॉन्सरशिपचा पैसा फारसा पोचलाच नव्हता.

इथला स्पॉन्सर म्हणजे गॅरेजवाला. नवी मुंबईत पावसाळ्यात स्कूटर रॅली असायची तेव्हा लेबर माफ, क्लचप्लेट अर्ध्या भावात, फार तर एक टायर, एवढ्यावर साइड पॅनलवर दुकानाचं नाव लागायचं. पहिल्याच स्टेजला, म्हणजे रॅलीच्या पहिल्याच टप्प्यात, ते चिखलाखाली जायचं, म्हणून गाडी सुटायच्या आधीच दुकानदार फोटो काढून घ्यायचे. बाकी सगळं घरचं. एन्ट्री फी, लायसन्स, हेल्मेट, आणि ट्रॅकवर जायचं तर चेन्नई नाहीतर कोइम्बतूर, म्हणजे गाडी न्यायचा टेम्पो वेगळा. त्यासाठी भिशीचा नंबर आधी मागून घ्यायचा, नाहीतर पतपेढी, नाहीतर आईच्या पाटल्या. त्यात नेहमीच्या मोटर पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलंच असतं, त्यामुळे गाडी आपटली की ती आपल्याच खिशातून उभी करायची.

खरा गुंता झाला सीएसआरमुळे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चामुळे. एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं, अशा कामांच्या कायद्यातल्या यादीत खेळही होता, मग वागळे इस्टेट आणि महापेच्या ऑफिसांत फायली घेऊन पोरं जायला लागली, 'सीएसआरमधून बसवा ना सर' म्हणत. पण यादीतले शब्द नीट वाचा: ग्रामीण, राष्ट्रीय मान्यता असलेल्या, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांसाठी प्रशिक्षण. प्रशिक्षण, म्हणजे एकट्याच्या सीझनचे टायर आणि पेट्रोल त्यात बसवणं अवघडच. एकदाच होणारे इव्हेंट चालणार नाहीत असं जून २०१४ च्या परिपत्रकात होतंच, आणि जानेवारी २०२१ च्या नियमांनी तर प्रॉडक्टच्या मार्केटिंगसाठी केलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमधून सरळ बाहेर काढली. म्हणजे गाडीवर कंपनीचा स्टिकर लावला की ते सीएसआर नाही, आणि स्टिकर नसेल तर मार्केटिंगवाले पैसे देत नाहीत. माझ्या मते हा नियम चूक नाही, जाहिरातीला समाजसेवा म्हणू नयेच, पण ज्या पोराला एका सीझनचे टायर हवेत त्याला दोन्ही दारं बंद झाली, आणि याबद्दल कुणी बोलत नाही याचं वाईट वाटतं.

आधी रेसिंग हा खेळ आहे की करमणूक यावरच वाद होता, २०११ ला ग्रेटर नोएडाच्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या वेळी करमणूक कराच्या सवलतीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. २०१९ ला पहिल्यांदा एका रॅली ड्रायव्हरला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा निदान घरच्यांना समजवायला एक उदाहरण झालं.

आता स्टिकरच्या जागी रील आलंय. तीन रील टाकले की खारघरचा दुकानदार चेन-स्प्रॉकेट देतो, एन्ट्री फी मात्र अजून पगाराच्या खात्यातूनच जाते.